कचऱ्याचें लोणचें

वैशाखांत घातलेलें कैरीचें लोणचें पुढच्या वैशाखापर्यंत बरणींत सुखरूप राहतें; पण त्याच कैरीच्या साली कचऱ्याच्या बादलींत पडल्या म्हणजे दुसऱ्या दिवशीं त्यांना वास सुटतो आणि तिसऱ्या दिवशीं त्यांवर माशा घोंघावूं लागतात. फळ एकच आणि घरहि एकच. फरक पडतो तो इतकाच कीं, बरणींत मीठ आणि आंबटपणा यांचा अंमल असतो व तोंडाला दादरा बांधून बाहेरच्या हवेस मज्जाव केलेला असतो. बादलीला असा कोणी धनी नसतो. जो जंतु प्रथम येईल तो तेथें आपलें बस्तान बसवितो. लोणचें घालणाऱ्या बाईनें जंतुशास्त्राचें पुस्तक उघडलेलें नसतें. तरी ओला हात बरणींत घालूं नये, फोडी खाराखालीं बुडालेल्या असाव्या, बरणी वरचेवर उघडूं नये, हे नियम ती आपल्या सुनेला शिकविते. आणि हे सर्व नियम जंतुशास्त्राच्या कसोटीला उतरतात.

लोणच्याचे हे नियम कचऱ्याला लावण्याची जी रीत जपानांतून जगभर गेली, तिचें नांव ‘बोकाशी’. या शब्दाचा अर्थ पुसट करणें, विरविणें असा आहे. जपानी लांकडी ठशांच्या चित्रांत आभाळाचा गडद निळा रंग खालीं येतां येतां फिका होत कागदांत विरून जातो, त्या छटेलाहि बोकाशीच म्हणतात; हिरोशिगे (१७९७–१८५८) या चित्रकाराचीं निसर्गचित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांच्या डोळ्यांपुढें ती लगेच उभी राहील. तेथील शेतकऱ्यांनीं हा शब्द खताला लावला. पेंड, मासळीची कुटी व तांदळाचा कोंडा हीं तेज खतें मातीबरोबर मिसळून आंबवावयाचीं, म्हणजे त्यांचा जहालपणा विरतो आणि कोंवळ्या मुळांना तीं जाळीत नाहींत, अशी ही जुनी शेतकी रीत आहे. स्वयंपाकघरांतील बोकाशी ही तिची अलीकडची धाकटी बहीण होय.

इसवी सन १९८० नंतरच्या दशकांत ओकिनावा बेटावरील रिऊक्यू विद्यापीठांतले उद्यानविद्येचे प्राध्यापक तेरुओ हिगा यांनीं सूक्ष्म जंतूंचें एक मिश्रण प्रचारांत आणलें. त्याला ‘ई. एम.’ या आद्याक्षरांनीं ओळखतात. त्यांत मुख्यतः तीन कुळांतले जंतु असतात: दूध विरजणारे दुग्धाम्ल-जंतु, पाव फुगविणाऱ्या जातीचे किण्व, आणि प्रकाशावर जगणारे जांभळट रंगाचे जंतु. या मिश्रणांत भिजवून आंबविलेला कोंडा खरकट्यावर पसरावयाचा आणि बादली घट्ट बंद ठेवावयाची, ही पद्धति त्यांतून रूढ झाली.

ई. एम. विषयीं पुढें जे दावे झाले ते मात्र फार लांबवर गेले. जमीन सुधारते, पीक वाढतें, येथपासून ज्याला जें हवें तें त्यांत सांपडूं लागलें. स्वित्झर्लंडांत झुरिच येथें २००३ ते २००६ अशीं चार वर्षें शेतावर याची कसोटी घेण्यांत आली व तिचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. तेथें एका वाफ्याला जिवंत मिश्रण दिलें आणि दुसऱ्याला तेंच मिश्रण निर्जंतुक करून दिलें. जो कांहीं गुण दिसला तो कोंड्याच्या खतांतील पोषणाचा होता. जंतु जिवंत असल्यानें निराळें असें कांहीं पदरांत पडलें नाहीं. हा प्रयोग शेतजमिनीचा होता, बादलीचा नव्हे. बादलींत जंतूंचें काम खरोखरच असतें, पण तें साधें आहे: कचरा कुजण्याच्या आधीं तो आंबट करणें. हें काम करणारे जंतु प्रत्येक मराठी घरांत दह्याच्या सटांत आणि इडलीच्या पिठांत रोज राबत असतात.

ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याचें कारण रोकड आहे. पुष्कळ घरीं या बादलीची सुरुवात उत्साहानें होते. बादलीबरोबर तयार कोंड्याचें एक पाकीट मिळतें, तें महिनाभर पुरतें, दुसरें पाकीट विकत घेतलें जातें, तिसरें महाग वाटतें, आणि मग बादली माळ्यावर जाते. कोंडा घरीं करतां येतो हें कळल्यास ती माळ्यावर जाण्याचें कारण उरत नाहीं.

बादली माळ्यावर गेली म्हणजे खरकटें पुन्हां घंटागाडीच्या वाटेला लागतें. ती वाट कोठें जाते हें शहरांतल्या माणसाला दिसत नाहीं. ज्यांच्या दारांत ती संपते त्यांना दिसतें. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत जाऊन पडला आणि तेथील ग्रामस्थांना गाड्या अडविण्यासाठीं वारंवार रस्त्यावर यावें लागलें. मुंबईस १९२७ सालीं सुरू झालेल्या देवनारच्या कचराभूमीला २०१६ च्या जानेवारींत आग लागली, तेव्हां धुरामुळें भोंवतालच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा ढिगाऱ्याच्या पोटांत वारा नसतो. तेथें ओला कचरा कुजून पेट घेणारा मिथेन वायु उत्पन्न करतो. बटाट्याची साल स्वतः निरुपद्रवी खरी, पण ती प्लास्टिकच्या पिशवींत गांठ मारून ढिगाऱ्याखालीं गेली म्हणजे निरुपद्रवी राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कंपोस्ट तर आपल्याकडे पूर्वींपासून आहेच. आहे, आणि त्याचें शास्त्रहि आपल्याच देशांत नीट बसविलें गेलें. आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळांत इंदुरास होते, आणि त्यांनीं व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं पुस्तक लिहून ती पद्धति जगापुढें मांडली. पण इंदुरी पद्धतीला काडीकचरा, शेण, मोकळी जागा व ढीग वरखालीं करणारे हात लागतात, आणि तिचा प्राण हवा हा आहे. ढीग तापतो, त्यांतून वाफा निघतात, आणि शेवटीं मूळच्या मानानें बराच लहान होऊन त्याची काळी भुसभुशीत माती बनते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हा खटाटोप साधणें कठीण; शिवाय शिजलेला भात आणि मासळीचे कांटे ढिगांत घातले तर उंदीर आलेच. बोकाशीचें सर्व उलटें आहे. तिला हवा चालत नाहीं, ती तापत नाहीं, वरखालीं करावी लागत नाहीं, आणि शिजलेलें अन्न तिला पचतें. मात्र ती खत पुरें करून देत नाहीं. ती कचरा मुरवून ठेवते. पुढचें काम मातीचें.

आतां कृति. प्रथम विरजण करावयाचें. तांदूळ धुतल्याचें पहिलें दाट पाणी कांचेच्या बरणींत घेऊन तोंडाला फडकें बांधावें व बरणी सावलींत ठेवावी. उन्हाळ्यांत दोन दिवसांत, थंडींत चार दिवसांत त्याला गोडसर आंबट वास येतो. वरचा तवंग आणि तळचा सांका सोडून मधली निवळ घ्यावी. पाव लिटर दुधांत या निवळीचे दोन मोठे चमचे घालून तें पुन्हां तसेंच झांकून ठेवावें. दोनतीन दिवसांत दूध फाटून चोथा वर तरंगतो व खालीं पिवळसर पाणी राहतें. तें गाळून घ्यावें; हेंच विरजण. कोरियांतील चो हान-क्यू यांच्या नैसर्गिक शेतींतही दुग्धाम्ल-जंतु अशाच रीतीनें मिळवितात. शीतपेटींत हें पाणी महिना-दोन महिने टिकतें. शीतपेटी नसल्यास त्यांत वजनाइतका गूळ विरघळवून ठेवावें. पाव लिटर दुधाचें विरजण कित्येक किलो कोंड्याला पुरतें, तेव्हां दूध वायां जातें अशी हळहळ करण्याचें कारण नाहीं.

घरांत श्रीखंडासाठीं चक्का टांगलेला असतांना त्याखालीं जमणारें पाणी का वापरूं नये, ही शंका येथें रास्त आहे. तें चालतें, आणि पुष्कळ जण तेंच वापरतात. तांदळाच्या पाण्याचा द्राविडी प्राणायाम एवढ्याकरितां कीं, दह्यांतले जंतु पिढ्यान्‌पिढ्या दुधावर पोसलेले असतात, तर धान्याच्या व पाल्याच्या अंगावर राहणारे जंतु भाजीपाल्यावर अधिक सहज वाढतात. ज्याला घाई असेल त्यानें चक्क्याचें पाणी घ्यावें.

कोंडा गव्हाचा घ्यावा. गुरांच्या खाद्याच्या दुकानांत तो मिळतो. भाताच्या गिरणींतला तांदळाचा कोंडाहि उत्तम, पण त्यांत तेल असल्यानें तो लवकर खंवट होतो, म्हणून ताजा मिळत असेल तरच घ्यावा. एक किलो कोंड्यास लिंबाएवढा गूळ, दोन मोठे चमचे विरजण आणि सुमारें ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी लागतें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतें आणि तें जंतु मारण्यासाठींच घातलेलें असतें. म्हणून तें पाणी उघड्या भांड्यांत रात्रभर ठेवून मग वापरावें, किंवा उकळून पूर्ण निववून घ्यावें. त्यांत गूळ विरघळवून विरजण घालावें, आणि तें पाणी कोंड्यावर थोडें थोडें शिंपडीत हातानें चोळावें. मापापेक्षां येथें हाताचा अंदाज खरा: मूठ वळली तर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून थेंब गळतां कामा नये, आणि लाडवाला बोट लावतांच तो फुटला पाहिजे. मोदकाची उकड ज्या हाताला कळते त्या हाताला हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

हा कोंडा जाड पिशवींत दाबून भरावा, हवा काढून गांठ मारावी, पिशवी झांकणाच्या डब्यांत ठेवावी, आणि दोन आठवडे तिकडे पाहूं नये. उघडल्यावर ताज्या पावासारखा किंवा आंबिलीसारखा वास आला म्हणजे साधलें. पांढरी बुरशी दिसल्यास घाबरूं नये. हिरवी अगर काळी असेल तर तो घाणा फेंकून नवा करावा. मग कोंडा सावलींत वर्तमानपत्रावर पसरून खडखडीत वाळवावा व कोरड्या डब्यांत भरावा. तो कित्येक महिने टिकतो. चार माणसांच्या घराला किलोभर कोंडा महिना-दीड महिना सहज पुरतो.

बादलीसाठीं बाजारांतली नळाची बादली अवश्य पाहिजे असें नाहीं. रंगाच्या रिकाम्या झालेल्या, घट्ट झांकणाच्या दोन सारख्या बादल्या स्वच्छ धुवून घ्याव्या. एकीच्या बुडाला खिळा तापवून दहापंधरा भोंकें पाडावीं आणि ती दुसरींत बसवावी. रस खालच्या बादलींत गळतो. वरच्या बादलीच्या तळाशीं मूठभर कोंडा पसरून सुरुवात करावी. दिवसभराच्या साली, देंठें, चहाचा चोथा, उरलेला भात, पोळीचे तुकडे, मासळीचे कांटे, अंड्यांचीं कवचें, देवाचीं निर्माल्याचीं फुलें—दोरा काढून—हें सर्व एका लहान डब्यांत सांठवावें आणि रात्रीं एकदांच बादलींत घालावें. मोठे तुकडे चिरून घ्यावे. दोन बोटें जाडीचा थर झाला कीं वर मूठभर कोंडा, वर जुनी ताटली ठेवून हातानें जोर देऊन दाबावें, आणि झांकण लावावें. दर सालीमागें झांकण उघडणारा माणूस बादलींत वारा भरतो. येथें आळशाचें फळ चांगलें. आमटी, ताक, तळणीचें तेल घालूं नये. आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या, मोठीं हाडें मुरत नाहींत. ज्या पोळीला आधींच हिरवी बुरशी आली आहे ती बाहेरच राहूं द्यावी.

खालीं जमलेला रस दर दोन दिवसांनीं काढावा. तो सांचून राहिला म्हणजे घाण येते आणि दोष विनाकारण साऱ्या पद्धतीवर येतो. हा रस फार आंबट असतो, म्हणून लिटरभर पाण्यांत त्याचे दोनच लहान चमचे घालून मातींत ओतावा. कच्च्या खावयाच्या पालेभाजीवर तो कधींहि शिंपडूं नये, कारण कोणत्या खरकट्यांतून काय उतरलें असेल याचा नेम नसतो. झाडांना नको असल्यास मोरींत ओतला तरी चालतो.

साधारण पंधरवड्यांत बादली भरते. मग शेवटचा जाड थर कोंड्याचा देऊन ती दोन आठवडे बंद ठेवावी, आणि तोंवर दुसरी जोडी वापरावी. पंधराव्या दिवशीं झांकण उघडलें म्हणजे बहुतेक घरीं निराशा होते. भेंडीचीं देंठें भेंडीचींच दिसतात. केळ्याची साल थोडी काळवंडलेली, पण ओळखूं येईल अशी असते. काळी माती कोठें आहे, असा प्रश्न घरांतली सर्व मंडळी करतात, आणि कित्येक जण तेथेंच बादली रिकामी करून ‘जमलें नाहीं’ म्हणून मोकळे होतात. वस्तुतः तेव्हां सर्व जमलेलें असतें. लोणच्यांतली फोडहि वर्षानें फोडच असते. परीक्षा डोळ्यांनीं न घेतां नाकानें घ्यावी: आंबूस, सिरक्यासारखा वास असला आणि वर पांढरी लव दिसली तर ठीक. सडक्या अंड्यांचा वास आला तर बादलींत पाणी फार झालें, वारा शिरला किंवा कोंडा कमी पडला, यांपैकीं कांहीं तरी घडलें. पावसाळ्यांत व कडक उन्हाळ्यांत कोंड्याचा हात सैल ठेवावा. अळ्या दिसल्या तर समजावें कीं लहान डबा उघडा राहिला होता आणि माशीनें तेथेंच अंडीं घातलीं. बिघडलेली बादलीहि खोल पुरली तर मातीला वर्ज्य नाहीं. शेजाऱ्यांच्या खिडकीखालीं तेवढी उघडूं नये.

मुरलेला कचरा आतां मातींत जावयाचा. अंगण असेल तर वीतभर खोल चर खणून त्यांत तो घालावा, थोडी माती त्यांत फावड्यानें कालवावी आणि वर पुन्हां अर्धी वीत माती ओढावी. तो त्या वेळीं तिखट आंबट असतो, म्हणून झाडाच्या मुळांपासून हातभर दूर राहावें, आणि निदान दोन आठवडे तेथें कांहीं लावूं नये. तेवढ्या काळांत आंबटपणा निवतो, गांडुळें येतात आणि भेंडीचीं देंठें शोधूनहि सांपडत नाहींत. देशावरील काळी जमीन बहुतेक ठिकाणीं मूळचीच खारटाकडे झुकणारी असल्यानें तेथें या आंबटपणाचें भय आणखीच कमी. भय आहे तें घुशींचें व कुत्र्यांचें. चराच्या तोंडावर जुनी जाळी किंवा दोन फरशा टाकल्या म्हणजे पहिला आठवडा निभावतो. एरव्हीं रात्रींत सर्व उकरलेलें आढळतें.

ज्यांच्या नशिबीं अंगण नाहीं त्यांनीं मोठा टब किंवा प्लास्टिकचें घमेलें घ्यावें. कुंड्यांतली जुनी, निःसत्त्व झालेली माती त्यांत चार बोटें घालावी, वर मुरलेला कचरा, तो मातींत चांगला कालवून पुन्हां वर चार बोटें कोरडी माती. पाऊस लागूं देऊं नये. वर गोणपाट टाकावें. तीनचार आठवड्यांनीं ही माती उपसली म्हणजे मिरची, वांगीं, टोमॅटो यांच्या कुंड्या तिनें भरतां येतात. टबाला वर्षभर तीच तीच माती पुन्हां पुन्हां पुरते, हें गच्चीवर माती चढविणाऱ्याला निराळें सांगावयास नको. पण माती मुळींच नसलेल्या घरानें बोकाशीच्या नादीं लागूं नये. मुरलेल्या कचऱ्याची भरलेली बादली घेऊन बसण्यापेक्षां ओला कचरा नीट वेगळा करून गाडीवाल्याच्या हातीं देणें अधिक शहाणपणाचें आहे.

बादली रिकामी झाली म्हणजे ती नुसत्या पाण्यानें विसळावी. तिला फिनेल लावूं नये. भोंकांत अडकलेलें काडीनें काढावें, एक दिवस उन्हांत पालथी घालावी, आणि संध्याकाळीं तळाशीं मूठभर कोंडा टाकून ती पुन्हां ओट्याखालीं सारावी.